मनोऱ्यांची धूळ आणि यादीबाहेर राहिलेली डोकेदुखी

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे कोसळून जी धूळ उडाली, तिच्यात सिमेंट, जिप्सम आणि काचतंतूंची भुकटी होती, ॲस्बेस्टॉस व शिसे होते, आणि तिचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप) ९ ते ११च्या घरात, म्हणजे बराच अल्कधर्मी, असल्याने ती नाका-घशाला नव्या सिमेंटसारखी भाजत असे. ढिगाऱ्याखालची आग डिसेंबरपर्यंत धुमसत राहिली. १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने हवा श्वसनास सुरक्षित असल्याचे जाहीर केले. आसपासच्या रहिवाशांना घरातली धूळ ओल्या फडक्याने पुसून घेण्याचा सल्ला मिळाला. असे ठाम विधान करण्याइतकी माहिती त्या वेळी हाती नव्हती, हे त्याच यंत्रणेच्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट २००३मध्ये नोंदवले.

वैद्यकीय लक्ष सुरुवातीपासून खोकला आणि दमा यांवर राहिले, आणि फुप्फुसांची हानी पाहता ते स्वाभाविकही होते. मात्र हाच क्रम पुढे कायद्यात उतरला. २ जानेवारी २०११ रोजी मंजूर झालेल्या कायद्यानुसार १ जुलैपासून या धुळीच्या संपर्कात आलेल्यांसाठी मोफत उपचारांची योजना सुरू झाली, आणि कोणत्या आजारांवर उपचार मिळतील याची यादी ठरली. तीत श्वसनमार्गाचे व पचनमार्गाचे विकार, मानसिक आजार आणि काही हाडा-स्नायूंची दुखणी होती. २०१२मध्ये कर्करोग आले, २०२३मध्ये गर्भाशयाचा कर्करोगही आला. अर्धशिशी किंवा दीर्घकालीन डोकेदुखी मात्र स्वतंत्र आजार म्हणून यादीत आली नाही.

यादीतल्या आजारातून किंवा त्याच्या उपचारातून उद्भवलेला त्रास कायद्याला मान्य आहे, म्हणून डोकेदुखीला खरी वाट उरते ती सायनसची, कारण दीर्घकालीन सायनसदाह यादीत आहे. गुंता इथेच आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २००४च्या आवृत्तीने जुनाट सायनसदाह, तो पुन्हा तीव्र झाल्याखेरीज, डोकेदुखीचे कारण मानला नव्हता. २०१८च्या आवृत्तीने तो मानला, पण दुखणे सायनसच्या कमी-जास्त होण्याबरोबर बदलते का, यासारखे पुरावे मागितले. शिवाय अर्धशिशीतही नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, त्यामुळे ती सायनस म्हणून सर्रास खपते. अशा रुग्णाला नाकातले फवारे आणि प्रतिजैविके मिळत राहतात, तो स्वतःहून वेदनाशामके घेत राहतो, आणि साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर त्यांमुळेच नवी डोकेदुखी जडू शकते. धुराचा थेट दोष दाखवणेही सोपे नाही: कार्बन मोनॉक्साइडची डोकेदुखी, वर्गीकरणानुसार, वायू शरीरातून गेल्यावर ७२ तासांत थांबायला हवी, आणि धुळीच्या संपर्कात आलेल्या या रुग्णांची तर वर्षानुवर्षे थांबलेली नाही.

२०१५च्या मुदतवाढीने योजना २०९०पर्यंत चालेल. नवा आजार यादीत घालण्यासाठी अर्ज करता येतो, आणि योजनेच्या प्रशासकाने ९० दिवसांत त्यावर भूमिका घ्यायची असते. आधार मात्र या धुळीच्या संपर्कात आलेल्यांवरील प्रसिद्ध साथरोगशास्त्रीय अभ्यासांचा लागतो. ज्या तक्रारीला योजनेकडून स्वतंत्र आजार म्हणून मान्यतेचे प्रमाणपत्र मिळत नाही, तिची प्रमाणपत्रांच्या आकड्यांत वेगळी नोंदही होत नाही, आणि सायनसच्या वाटेने आलेली डोकेदुखी सायनसच्याच रकान्यात मोजली जाते.