कोल्हापुरातून बीआरएम: अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि सायकलची तपासणी

कुणाच्याही मदतीशिवाय, शेकडो किलोमीटरच्या सायकल शर्यतीत उतरायचं म्हटलं की चर्चा थेट सायकलच्या किमतीवर जाते. आयोजक मात्र आधी अनुभव विचारतात. युरोपातल्या ट्रान्सकॉन्टिनेंटल रेससारख्या शर्यतीला पैसे भरले आणि नाव लागलं, असं होत नाही. अर्जात आधी काय चालवलंय ते लिहावं लागतं. तो अनुभव कागदावर आणायचा आपल्याकडचा सरळ रस्ता म्हणजे बीआरएम (ब्रेव्हे दे रँदोनेर मोंदिओ), ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड.

बीआरएमचे नियम ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या १९०४ सालच्या फ्रेंच संस्थेचे. भारतातलं काम ऑडॅक्स इंडिया रँदोनिअर्स पाहते आणि प्रत्यक्ष राइड स्थानिक क्लब घेतात. इथं पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत आलेले सगळे सारखे.

कोण भाग घेऊ शकतो

वय १८ पूर्ण हवं. सायकल गिअरची असो वा बिनगिअरची, पायाच्या ताकदीवर चालणारी हवी. मोटर लावलेली चालत नाही. हेल्मेट सक्तीचं. २०० किमीसाठी आधीचं कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

वेळेची मर्यादा अशी: २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १००० ला ७५ तास. जेवण, पंक्चर, झोप सगळं यातच. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही.

अर्ज भरताना

ऑडॅक्स इंडियाच्या संकेतस्थळावर खातं उघडा आणि वेळापत्रकात कोल्हापूर, बेळगाव, सातारा, पुणे अशी जवळची सुरुवातीची ठिकाणं शोधा. राइड निवडली की आयोजक क्लबचं पान नीट वाचा. शुल्क, नोंदणीची शेवटची तारीख, पैसे परत मिळण्याचा नियम हे क्लबगणिक वेगळं असतं. पैसे भरल्यावर व्यवहार क्रमांकासह पावती जपून ठेवा.

फॉर्म दहा मिनिटांत भरून होतो. घोळ होतो तो नावात. आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर ‘बाळासो’ आणि दुसऱ्यावर ‘बाळासाहेब’, कुठं आडनाव आधी तर कुठं शेवटी, हे घरोघरी आहे. पासपोर्ट असेल तर त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच लिहा, नसेल तर आधारवरचं. पुढं परदेशातल्या राइडला हेच निकाल दाखवायचे असतात आणि तेव्हा स्पेलिंगचा फरक निस्तरणं जिकिरीचं होतं.

जवळ ठेवायचं ते एवढंच: फोटो असलेलं ओळखपत्र, रक्तगट, तातडीच्या संपर्काचे दोन नंबर, भरलेलं जबाबदारीपत्र. संपर्काला दिलेला माणूस त्या दिवशी फोन उचलणारा असावा. सोबत येणाऱ्या मित्राचा नंबर देऊ नका, तो तुमच्यासारखाच रस्त्यावर असेल. विमा पॉलिसी असेल तर त्यात स्पर्धा किंवा साहसी खेळ वगळलेत का, ते वाचा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूसाठी २ लाखांची आहे. ती सुरू ठेवाच, पण दवाखान्याचा खर्च तिच्यातून निघत नाही. त्यासाठी आरोग्य विमा वेगळा लागतो.

कंट्रोलचं गणित

मार्गावर ठरावीक अंतरावर कंट्रोल, म्हणजे हजेरीचे थांबे, असतात. प्रत्येक कंट्रोलची उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते. पहिल्या २०० किमीत ताशी ३४ किमी वेगानं येणाऱ्याच्या हिशेबानं कंट्रोल उघडतो आणि ६०० किमीपर्यंत साधारण ताशी १५ च्या हिशेबानं बंद होतो. सकाळी सहाला निघालात आणि १०० किमीवर कंट्रोल असेल, तर तो ८:५६ ला उघडतो आणि १२:४० ला बंद होतो. सुरुवातीला उशिरा पोचलात तरी घड्याळ सहापासूनच धरतात.

कोल्हापूर ते बेळगाव अंतर सुमारे ११० किमी. म्हणजे महामार्गानं २०० ची राइड असेल तर वळायची जागा बेळगावच्या अलीकडेच येते. निपाणी सोडली की तवंदीचा चढ आणि पुढं वंटमुरी घाट. परतताना हेच चढ उलट्या बाजूनं, तेही दुपारच्या उन्हात. थांबण्यात एकूण दीड तास गेला तर १२ तास उरतात, म्हणजे चालता वेग ताशी १६.७ हवा. सरावात सरासरी काढताना चहाची वेळ वगळून काढू नका.

कंट्रोलवर माणूस असेल तर राइडच्या नोंदीच्या कार्डावर शिक्का आणि वेळ. नसेल तर क्लबनं सांगितलेला पुरावा, बहुतेकदा एटीएमची पावती किंवा दुकानाचं बिल. बिलावर गावाचं नाव आणि वेळ छापलीय ना, हे काउंटरवरच बघा. अघोषित कंट्रोलही असतात, म्हणून आडवाटेनं जवळचा रस्ता काढणं अंगाशी येतं. रस्ता चुकलात तर जिथं मार्ग सोडला तिथंच परत येऊन पुढं जायचं.

मदतीचा नियम नीट समजून घ्या. बीआरएममध्ये घरची माणसं कंट्रोलवर भेटू शकतात, मधल्या रस्त्यात नाही. मागून गाडी आणणं सरळ बाद ठरवतं. स्वावलंबी शर्यतींत नियम याहून कडक: जे कुणालाही पैसे देऊन मिळतं तेवढंच घ्यायचं. संकेश्वरच्या हॉटेलातली मिसळ चालते, संकेश्वरच्या मावशीनं आणून दिलेला डबा चालत नाही.

सायकलची तपासणी

निघण्यापूर्वी क्लब दिवे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि हेल्मेट बघतो. पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा सायकलला घट्ट बसवलेला हवा. दोन्हीचा एकेक जादा घ्या. सकाळी सहाला निघून ३०० केलं तर मर्यादा रात्री दोनला संपते आणि ४०० ला अख्खी रात्र आहे, त्यामुळं दिव्याची बॅटरी घरीच पूर्ण क्षमतेवर लावून किती तास टिकते ते मोजा. दोन गोष्टी हमखास फसवतात. काही दिवे चार्जिंगला लावले की पेटतच नाहीत. काही पॉवरबँक जीपीएससारख्या कमी वीज ओढणाऱ्या यंत्राला जोडल्या की आपोआप बंद पडतात.

आपल्या भागात रात्रीचा मोठा धोका उसाचा. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडं चाललेले असतात, आणि मागं दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असं नाही. उताराला वेग पकडला असताना अशी ट्रॉली अचानक समोर येते. कागल ते निपाणी पट्ट्यात अंधारात पुढचा दिवा स्थिर ठेवा, लुकलुकता नको, आणि उतारावर ब्रेकवरची बोटं सोडू नका.

पंक्चरचं नेहमीचं कारण महामार्गाच्या कडेला पडलेली तार. फुटलेल्या ट्रक टायरची पोलादी तार केसापेक्षा जराशी जाड असते आणि टायरमध्ये शिरून बसते. ट्यूब बदलली आणि तार तशीच राहिली, तर दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते. म्हणून टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूच फिरवा. जिथं धागा अडकतो तिथं तार. ती नखानं निघत नाही, छोटी चिमटी जवळ ठेवा.

सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, हातपंप, चेन तोडायच्या साधनासह मल्टिटूल, चेनची जोडकडी, गिअर हँगर (मागचा डिरेलर बसतो तो तुकडा), गिअर केबल आणि थोडे केबल टाय. जोडकडी आपल्या चेनच्या स्पीडचीच हवी: दहा स्पीडची अकरावर बसत नाही. प्रेस्टा (बारीक तोंडाचा) वॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर घ्या, नाहीतर वाटेतल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा काही उपयोग नाही. अन् ७०० सी मापाच्या चाकाची ट्यूब त्याच्याकडं मिळेल यावर विसंबू नका.

हंगाम आणि पुढची पायरी

२००, ३००, ४०० आणि ६०० एकाच हंगामात पूर्ण केलं की सुपर रँदोनिअर हा किताब. हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर. कोल्हापूरकरांनी मात्र तो फेब्रुवारीअखेरच संपला असं धरावं. एप्रिल-मे उन्हाचे, आणि जूननंतर आंबा, गगनबावड्याकडं पाऊस घाटात थांबू देत नाही. नोव्हेंबरात २००, मग महिन्याला एक पायरी चढा.

फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राइड दर चार वर्षांनी होते, सुमारे १२०० किमी, कमाल ९० तास. पुढची २०२७ मध्ये. त्या हंगामात सुपर रँदोनिअर मालिका लागते. २०२३ च्या वेळी आदल्या वर्षी ज्यांनी जास्त लांबीची बीआरएम केली होती, त्यांना पूर्वनोंदणी आधी खुली झाली. तिकडं जायचं असेल तर पासपोर्ट आताच बघा. शेंगेन व्हिसाला परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध पासपोर्ट आणि ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

राइड संपल्यावर थकव्यात विसरतं ते कार्डावर सही करून आयोजकाच्या हातात देणं. ते राहिलं तर निकाल लागत नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, घामानं शाई पसरते. देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. नंतर क्लबच्या यादीत आपलं नाव आणि वेळ तपासा. चूक दिसली तर यादी पॅरिसला, ऑडॅक्स क्लबकडं, जाण्याआधी कळवा.