आधण आलं की थर्मामीटर का अडतो?

पाणी किती अंशांना उकळतं, असं विचारलं की शाळकरी पोरही 'शंभर' म्हणून मोकळं होतं. उत्तर चूक नाही, अर्धवट आहे. मुंबईत पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळतं. महाबळेश्वरला 95-96 अंशांनाच, आणि साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये 88 च्या आसपास. तिथे उघड्या पातेल्यात डाळ रटरटत राहते, पण शिजता शिजत नाही.

गॅसवर पातेलं ठेवून नीट बघा. आधी तळाला आणि कडांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ते वाफेचे नाहीत, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. मग पाणी सणसणू लागतं. तळाशी आता वाफेचे खरे बुडबुडे धरतात, पण वरच्या जरा गार पाण्यात शिरताच मिटतात, आणि तो आवाज त्यांच्या मिटण्याचा असतो. बुडबुड्याच्या आतून वाफेचा दाब, बाहेरून हवेचा. 25 अंशांना पाण्याचा बाष्पदाब जेमतेम 3.2 किलोपास्कल, तर समुद्रसपाटीला हवेचा दाब 101 किलोपास्कल. पाणी तापेल तसा बाष्पदाब चढत जातो. त्याने हवेच्या दाबाला गाठलं की बुडबुडा तग धरतो, वर येतो, फुटतो. हेच आधण. उंचावर हवेचा दाबच कमी, म्हणून ही गाठ लवकर पडते. कुकरमध्ये शिट्टीच्या वजनामुळे आतला दाब दुपटीच्या घरात जातो, आणि पाणी 120 अंशांच्या आसपास पोचतं.

आधण आलं की मात्र थर्मामीटर अडतो. गॅस कितीही मोठा करा, बटाटे लवकर शिजत नाहीत, नुसतं पाणी आटतं. एक किलो पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे 419 किलोज्यूल पुरतात. त्याच पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करायला 2257 लागतात! पाचपटीहून जास्त ऊर्जा रेणूंमधले हायड्रोजन बंध सोडवण्यात जाते आणि तापमान जागचं हलत नाही. हाच अप्रकट उष्मा. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा भयंकर असतो तो यामुळेच, कारण कातडीवर वाफेचं पाणी होताना ही सगळी ऊर्जा परत मिळते.

तापमानाची आपली पट्टी याच अडण्यावर उभी राहिली. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या अँडर्स सेल्सिअसने 1742 साली थर्मामीटरवरच्या दोन 'स्थिर' अंशांवर निबंध लिहिला. वितळत्या बर्फाचा अंश हवेच्या दाबाने हलत नाही, उकळत्या पाण्याचा हलतो, हे त्याने तपासलं आणि उकळबिंदूसाठी हवेचा दाब ठरवून घेतला. त्याच्या पट्टीवर पाणी शून्याला उकळत होतं आणि शंभराला गोठत होतं. पुढे काही वर्षांतच ती उलटी केली गेली.

पाण्याची 'चौथी अवस्था' बाटलीत भरून देणाऱ्या जाहिराती सध्या फिरतात. बाटलीतलं ते पाणीच आहे, पैसे घालवू नका. पाण्याची खरी नवलाई बघायची तर ट्रिपल पॉइंट बघा. हवा काढून सीलबंद केलेल्या काचनळीत बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र सुखाने नांदतात, फक्त 0.01 अंश सेल्सिअस आणि सुमारे 611 पास्कल दाबाला. गिब्जचा अवस्थांचा नियम सांगतो की घटक (इथे फक्त पाणी) एक आणि अवस्था तीन असल्या की स्वातंत्र्य, म्हणजे मोकळेपणी बदलता येणाऱ्या गोष्टींची संख्या, 1 − 3 + 2, म्हणजे शून्य उरतं. दाबही बदलता येत नाही, तापमानही नाही. हवामान कसंही असो, शुद्ध पाण्याची नळी तोच आकडा देणार. म्हणून 1954 साली या बिंदूला 273.16 केल्विन मानून केल्विन या तापमानाच्या एककाची व्याख्या झाली. 20 मे 2019 पासून ती व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकावर (तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणाऱ्या ठरीव आकड्यावर) बेतली आहे, त्यामुळे 273.16 हा आकडा आता ठरवलेला नाही, इतर कुठल्याही तापमानासारखा मोजावा लागतो.