जखम पायाला, गाठ जांघेत

पायाची जखम चिघळली की एक-दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. ही गाठ मुळात तिथे असतेच, फक्त आता कामाला लागल्यामुळे सुजते.

जखमेजवळच्या पहारेकरी पेशी जंतूचे तुकडे उचलून या गाठीत, म्हणजे लसिकाग्रंथीत, आणतात. तिथे लाखो बी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, असतात. प्रत्येकीवर जंतूला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, पण एकीवरचे ग्राहक दुसरीवरच्या ग्राहकांशी सहसा जुळत नाहीत. जंतू पाहिल्यावर शरीर त्याच्या मापाचं हत्यार घडवतं, हा समज चुकीचा आहे. कधीच न भेटलेल्या जंतूला बसणारी पेशीसुद्धा बहुतेक वेळा आधीपासून हजर असते. या पेशी तयार होताना ग्राहकाच्या जनुकांचे तुकडे दरवेळी वेगळ्या तऱ्हेने जोडले जातात. हे उलगडणाऱ्या जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावांना १९८७ साली नोबेल मिळालं.

मात्र नेमकी पेशी लाखात एखादी, त्यामुळे वेळ लागतो. टी-पेशीने, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीने, दुजोरा दिला की या नेमक्या बी-पेशीची पिल्लावळ वाढू लागते. वाढताना ग्राहकाच्या जनुकात बारीक बदल होत जातात. जंतूला जास्त घट्ट चिकटणाऱ्या पेशी टिकतात, बाकीच्या मरतात. या पेशींनी सोडलेली, जंतूला चिकटणारी पहिली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आठवडाभरात रक्तात दिसतात, पण ही निवड पुढे कित्येक आठवडे चालते. त्यातून निघालेल्या काही पेशी जंतूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी म्हणून राहतात, काही अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं सोडतात. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर झालेली म्हातारी माणसं पासष्ट वर्षांनंतरही सुरक्षित राहिली!

लसीच्या डोसांमधलं अंतर याच निवडीसाठी असतं. हेपॅटायटिस बीचे डोस प्रौढांना सहसा पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी देतात. पुढचा डोस फार लवकर घेतला तर स्मृतिपेशी पिकलेल्या नसतात, शिवाय रक्तातली ताजी प्रतिपिंडंच लसीला झाकून टाकतात. उशीर झाला तर मात्र बहुतेक लसींच्या बाबतीत पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. स्मृतिपेशी वाट पाहतात, म्हणून राहिलेला डोस जरूर घ्यावा.

धनुर्वाताची गोष्ट निराळी. त्याचं विष इतकं जहाल, की जिवावर बेतणारी मात्राही ग्रंथीला जागं करायला अपुरी पडते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते.