कोल्हापुरी (शब्दसिद्धी व शुद्धलेखन)

'कोल्हापूर' या ग्रामनामाला '-ई' प्रत्यय लागून झालेले विशेषण. काश्मिरी, पंढरपुरी, सरकारी हे शब्द याच घडणीचे. ही विशेषणे लिंगवचनानुसार बदलत नाहीत. रस्सा तांबडा आणि चटणी तांबडी असते. फेटा, मिसळ आणि गूळ मात्र तिन्ही कोल्हापुरीच.

संस्कृतातला 'पुर' ऱ्हस्व आहे. मराठीत अकारान्त (शेवटी 'अ' असलेल्या) शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचा, उकार दीर्घ होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखननियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली, त्यांत ग्रामनामातला 'पूर' दीर्घ लिहावा असे वेगळे सांगितले आहे. त्याच दीर्घ ऊमुळे पाट्यांवर आणि चपलांच्या खोक्यांवर 'कोल्हापूरी' हे चुकीचे रूप वारंवार येते. इथे कानावर विसंबणे सर्वांत सोपे. 'कोल्हापूरकर', 'कोल्हापूरचा', 'कोल्हापूरला' म्हणताना र पाय मोडल्यासारखा उच्चारला जातो आणि आधीचा ऊ लांबतो. 'कोल्हापुरी', 'कोल्हापुरात' यांत र ला पुढचा स्वर मिळतो, मग उ आखूड होतो. 'जमीनदार' पण 'जमिनी', 'गरीब' पण 'गरिबी', हे त्याच चालीचे. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द याला अपवाद आहेत: 'शरीर'चे 'शरीरात', 'शारीरिक'.

   

अर्थाच्या अंगाने '-ई' आणि '-चा' यांतला फरक महत्त्वाचा आहे. 'कोल्हापूरची चप्पल' म्हटले की ती कुठून आणली ते कळते. 'कोल्हापुरी चप्पल' हा प्रकार झाला. २०१९ मध्ये या चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे. म्हणजे कर्नाटकात बागलकोटला शिवलेली चप्पलही रीतसर कोल्हापुरी ठरते. बंधाऱ्याचे तेच. पावसाळ्यानंतर फळ्या बसवून पाणी अडवायचे आणि पुराआधी त्या काढून घ्यायच्या, ही रचना असलेला बंधारा राज्यातल्या कुठल्याही नदीवर असला तरी त्याला कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा म्हणतात.