नवी वस्तुनिष्ठता: ओटो डिक्सच्या फळीवरचे थर

जून 1925 मध्ये मानहाइमच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात संचालक गुस्टाव्ह हार्टलाउब यांनी 32 चित्रकारांचं ‘नवी वस्तुनिष्ठता’ हे प्रदर्शन भरवलं. महायुद्ध हरलेल्या आणि 1923 च्या महागाईत होरपळलेल्या जर्मनीत भावनांचा उद्रेक करणाऱ्या अभिव्यक्तिवादाचा अनेकांना वीट आला होता. हार्टलाउब यांना या चित्रकारांत दोन बाजू दिसत होत्या: डिक्स, ग्रोस यांची बोचरी समाजचित्रं आणि म्युनिकच्या कानोल्ट, श्रिम्फ यांची शांत, घोटीव चित्रं.

डिक्सच्या चित्रातला थंडपणा विषयाइतकाच तंत्रातूनही येतो, आणि याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवलेल्या या चित्रकाराने विसाच्या दशकाच्या मध्यावर क्रानाख, बाल्डुंग ग्रीन अशा जुन्या जर्मन चित्रकारांची थरांची रीत उचलली. म्युनिकचे माक्स ड्योर्नर यांच्या 1921 च्या रंगसाहित्यावरच्या पुस्तकामुळे तिची चर्चा तेव्हा जोरात होती.

ही रीत अशी: लाकडी फळीवर खडूची पूड आणि कोमट सरस यांचे पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा आणि शेवटी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा. सरस जास्त झाला तर अस्तराला तडे जातात, कमी पडला तर ते भुकटी होऊन सुटतं. रेखाटन आधी कागदावर पूर्ण मापात करून मग फळीवर उतरवायचं. ‘महानगर’ (1927-28) या त्रिपुटाचं, म्हणजे तीन फळ्यांच्या चित्राचं, असं पूर्णाकृती रेखाटन आजही आहे. पुढे अंडं, तेल आणि पाणी यांच्या मिश्रणात घोटलेल्या पांढऱ्याने उजेडाच्या जागा उठवायच्या आणि त्यावर तेल-राळेचे पारदर्शक रंग चढवायचे. अंड्याच्या मिश्रणाचं प्रमाण साधारण एक भाग अंडं, एक भाग तेल, दोन भाग पाणी असं असतं. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा झाला, तर वरचा फाटतो. रंग पारदर्शक असल्याने रेखाटनातली चूकही झाकता येत नाही. म्हणूनच सगळं आधी ठरवावं लागतं.

पत्रकार सिल्विया फॉन हार्डेन यांच्या 1926 च्या चित्रात याचा परिणाम जवळून दिसतो: एका डोळ्यावरची काच, लांब बोटं, सैल होऊन घसरलेला मोजा. ब्रशचा फटकारा कुठेच जाणवत नाही, त्यामुळे नजर थेट माणसावर जाते.

जुने फ्लेमिश चित्रकार नेमकं असंच रंगवत, हा ड्योर्नर यांचा दावा पुढच्या तपासण्यांत टिकला नाही. डिक्सची चित्रं मात्र टिकली. ‘युद्ध’ (1929-32) हे त्रिपुट ड्रेस्डेनमध्ये पाहता येतं.

1933 मध्ये नाझींनी त्याला ड्रेस्डेन अकादमीतून काढलं. तो कॉन्स्टान्स सरोवराकाठी जाऊन राहिला आणि त्याच थरांच्या रीतीने निसर्गचित्रं करू लागला. 1944 च्या सुमारास त्याने ही रीत सोडली आणि ओल्या रंगात एका बैठकीत रंगवायला लागला.