रुग्णालय मानांकन
रुग्णालयातील उपचारांची पद्धत, स्वच्छता, औषधव्यवस्था, नोंदी आणि रुग्णांची सुरक्षितता ठरलेल्या निकषांवर उतरते का, हे बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेली मुदतीची मान्यता. नोंदणी वेगळी आणि मानांकन वेगळे. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयाला शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदणी केल्याशिवाय दार उघडता येत नाही. मानांकन मात्र ऐच्छिक आहे. निदान कागदावर तरी.

या पद्धतीचा उगम अमेरिकेत. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९१७ मध्ये रुग्णालयांसाठी किमान मानके ठरवली. ती एका पानात मावत होती. प्रत्येक रुग्णाची लेखी नोंद ठेवा, प्रयोगशाळा आणि क्ष-किरणाची सोय ठेवा, अशा आज साध्या वाटणाऱ्या अटी त्यात होत्या. पहिल्या पाहणीत शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली गेली आणि उत्तीर्ण झाली फक्त ८९. नापासांत नामांकित रुग्णालये निघाल्याने, यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत ती जाळून टाकली, असे सांगतात. पुढे १९५१ मध्ये हे काम जॉइंट कमिशन या संस्थेकडे गेले. १९९४ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय शाखा, म्हणजे जेसीआय, निघाली. भारतात जेसीआय मानांकन पहिल्यांदा २००५ मध्ये दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलोला मिळाले.

भारताची स्वतःची व्यवस्था म्हणजे एनएबीएच, रुग्णालयांना मानांकन देणारे राष्ट्रीय मंडळ. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गुणवत्ता परिषदेच्या छत्राखाली हे मंडळ २००५ मध्ये उभे राहिले. त्याच्या मानकांच्या पाचव्या आवृत्तीत (२०२०) दहा प्रकरणे, १०० मानके आणि ६५१ तपासणी-घटक होते. २०२५ मध्ये सहावी आवृत्ती आली. लहान रुग्णालयांसाठी निकष कमी असलेले प्रवेशस्तराचे प्रमाणपत्र आहे.

तपासनीस फाइली तर पाहतातच, पण खरी परीक्षा वॉर्डात होते. फरशी पुसणाऱ्या मावशींना थांबवून ‘रक्त सांडले तर काय कराल?’ असे विचारले जाते. हातमोजे घालायचे, डागावर शोषक कागद टाकायचा, हायपोक्लोराइट हे जंतुनाशक ओतून ठरलेला वेळ थांबायचे, मग पुसून तो कागद पिवळ्या पिशवीत टाकायचा, हे त्यांना सांगता आले पाहिजे. सिस्टरने इंजेक्शन देण्याआधी मनगटावरच्या पट्टीवरून दोन खुणा जुळवायच्या असतात: नाव आणि नोंदणी क्रमांक. खाटेचा क्रमांक ओळख म्हणून चालत नाही, कारण रात्रीतून खाट बदलते. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण साध्या औषधांच्या ट्रेमध्ये सापडले तर ती मोठी त्रुटी समजतात. शिरेतून थेट गेल्यास हृदय थांबते. तपासणीच्या आठवड्यात भिंतींना नवा रंग लागतो, हेही सर्वांना माहीत असते.

मानांकनाचा प्रसार गुणवत्तेच्या ओढीपेक्षा दरांमुळे अधिक झाला, असे म्हणायला हरकत नाही. केंद्र सरकारी आरोग्य योजनेत मानांकन नसलेल्या रुग्णालयाला १५ टक्के कमी दर मिळतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने प्रवेशस्तरासाठी १० आणि पूर्ण मानांकनासाठी १५ टक्के वाढीव दर ठेवले. विमा नियामकानेही २०१६ मध्ये कॅशलेस यादीतल्या रुग्णालयांना प्रमाणपत्राची अट घातली.

सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके (एनक्यूएएस) आहेत. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण देतात आणि त्यासाठी पाहणी, कर्मचाऱ्यांशी बोलणे, नोंदी व रुग्णाची मुलाखत अशा चार वाटांनी पुरावा घेतात. स्वच्छतेसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ पुरस्कार, तर प्रसूतिकक्षासाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ ही योजना आहे.

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक आव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये गुणवत्तेचे तीन भाग मांडले: साधने, प्रक्रिया आणि परिणाम. मानांकनाचा भर पहिल्या दोहोंवर आहे. संसर्गाचे प्रमाण, रुग्ण पडण्याच्या घटना यांची मोजणी रुग्णालयाला ठेवावी लागते, पण ते आकडे रुग्णासमोर सहसा येत नाहीत. एखाद्या शल्यविशारदाचा हात कसा आहे, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. कोणत्याही तपासणीला दैनंदिन देखभालीची जागा घेता येत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली, तेव्हा राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या रुग्णालयातही आगीत रुग्ण मृत्युमुखी पडले.

दर्शनी भागातल्या फलकांत गल्लत होते. एनएबीएल हे प्रयोगशाळेचे मानांकन आहे, रुग्णालयाचे नव्हे. आयएसओ ९००१ ही कोणत्याही उद्योगाला मिळणारी व्यवस्थापनाची पावती आहे. ‘प्रवेशस्तर’ हा शब्द तर फलकावर बहुधा बारीक अक्षरात असतो. प्रमाणपत्र कोणत्या प्रकारचे आणि मुदतीत आहे का, हे एनएबीएचच्या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते.