एफ फॉर्म आणि डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन : कोल्हापुरातली पार्श्वभूमी

२००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली भरल्या. १९९१ला हाच आकडा ९३१ होता. ऊस, दूध, सहकार, शाहू महाराजांचा वारसा हे सगळं असलेल्या जिल्ह्याची ही दहा वर्षांतली घसरण. आज इथल्या सोनोग्राफी सेंटरवर होणाऱ्या धाडी, सील केलेली मशिनं आणि डॉक्टरांवरचे खटले यांची मुळं या आकड्यात आहेत.

कायदा त्याआधीच होता. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४चा. तो १ जानेवारी १९९६पासून लागू झाला आणि २००३मध्ये दुरुस्तीने आणखी कडक झाला. अडचण अशी, की बंद खोलीत डॉक्टर तोंडी काय सांगतो हे सिद्ध करायचं कसं? बाईही बोलत नाही, घरचेही बोलत नाहीत. म्हणून कायद्याने कागद धरला. गरोदर बाईची सोनोग्राफी केली की एफ फॉर्म भरायचा: तिचं नाव, आधीची अपत्यं, तपासणीचं कारण, तिचं आणि डॉक्टरचं निवेदन. नोंदी दोन वर्षं जपायच्या. कलम ४ म्हणतं, फॉर्ममध्ये त्रुटी आढळली तर ती कायद्याचाच भंग धरली जाईल आणि तसं नाही हे डॉक्टरने दाखवून द्यायचं.

कोल्हापूर इथून पुढे एक पाऊल गेलं. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना एफ फॉर्म ऑनलाइन भरण्याची सक्ती झाली आणि सोनोग्राफी मशिनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं यंत्र जोडायला सांगितलं गेलं. मशिनवर झालेली प्रत्येक तपासणी त्यात साठते. नंतर ती फॉर्मशी ताडून पाहता येते. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. कायद्यात असं यंत्र कुठे लिहिलंय, आणि पेशंटच्या गोपनीयतेचं काय, हे त्यांचे मुख्य आक्षेप. ऑगस्ट २०११मध्ये न्यायालयाने दोन्ही उपाय वैध ठरवले. त्याच वर्षीच्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा ८६३वर आला. श्रेय एकट्या यंत्राला देता येणार नाही. ते लागून जेमतेम काही महिने झाले होते.

शिवाय यंत्र नोंद ठेवतं ते नोंदणी झालेल्या मशिनवर. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेलगतच्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ला एका महिलेच्या मृत्यूनंतर तपास झाला आणि १९ भ्रूण पुरलेले सापडले. तो दवाखाना होमिओपॅथीची पदवी असलेल्या माणसाचा होता. असल्या धंद्यात एफ फॉर्म कोण भरतो?

असे लोक मोकळे आणि नोंदणी असलेला मात्र कागदातल्या चुकीसाठी अडकतो, ही डॉक्टरांची खरी तक्रार आहे आणि ती निव्वळ कांगावा नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड; पण त्याहून जड बाब रजिस्ट्रेशनची. न्यायालयाने आरोप निश्चित केले, की निकाल लागण्याआधीच राज्याची मेडिकल कौन्सिल रजिस्ट्रेशन निलंबित करू शकते. दोषी ठरल्यास पहिल्यांदा पाच वर्षं, पुन्हा ठरल्यास कायमचं नाव कापलं जातं. पत्ता लिहायचा राहिला म्हणून हे व्हावं का, असा प्रश्न घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ३ मे २०१९च्या निकालात उत्तर आलं: एफ फॉर्म ही किरकोळ कारकुनी नव्हे. माझ्या मते न्यायालयाचं तर्कशास्त्र बरोबर आहे, कारण कागद सैल सोडला तर कायद्याच्या हाती काहीच उरत नाही. पण धाड घालणाऱ्यांना सोपा रस्ता सापडतो हेही खरं. रजिस्टर तपासणं सोपं, गर्भलिंगनिदानासाठी गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटांची साखळी पकडणं अवघड.

उपचारातल्या निष्काळजीपणाची वाट मात्र उलट दिशेने गेली. पुण्यातल्या एका डॉक्टरने १९५३मध्ये मांडीचं मोडलेलं हाड भूल न देता जोराने बसवलं आणि तरुण पेशंट दगावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर. त्यांना मिळालेली तीन हजारांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्ये कायम केली. डॉक्टरचं कर्तव्य काय, यासाठी आजही त्या निकालाचा दाखला दिला जातो. १९९५ला डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आली आणि भरपाईचं दार सामान्यांना उघडलं. फौजदारी बाजूला मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरला ढाल दिली: घोर निष्काळजीपणा हवा आणि डॉक्टरवर कारवाई करण्याआधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं. १ जुलै २०२४पासूनच्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरला दोनच.

म्हणजे ऑपरेशन टेबलावरच्या चुकीकडे कायदा दहादा पाहतो, एफ फॉर्मवरच्या चुकीकडे एकदाच. पहिली चूक डॉक्टरच्या हातून होते, दुसरीआड तो गुन्हा लपवू शकतो, म्हणून हा फरक.

या फौजदारी खटल्यांत गुन्हाच रद्द करून मागायचा तर कोल्हापूरकराला आधी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या अशा अर्जांसाठी आता तेच ठिकाण आहे.